कुत्र्याचं भांडं कसं निवडाल? जुन्नर-आंबेगावात या प्रश्नाचा बिबट्याशी काय संबंध?

न सांडणारं, न घसरणारं, पटकन धुता येणारं. कुत्र्याचं भांडं घेताना शहरात साधारण एवढंच पाहिलं जातं. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: रात्री हे भांडं कुठे असतं?

बिबट्या आणि कुत्रा

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पातली धरणं. त्यांच्या पाण्यावर इथे ऊस वाढला आणि उसात बिबट्याला लपायला, पिल्लं वाढवायला जागा मिळाली. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्रही आहे.

उसात राहणारा बिबट्या खातो काय? जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यातही एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, पण त्यांचा वाटा फक्त 11 टक्के. शेळ्या रात्री गोठ्यात असतात, कुत्रा मात्र मोकळा फिरतो किंवा अंगणात बांधलेला असतो.

मग भांड्याचा संबंध कुठे येतो?

सांडलेली ताक-भाकरी आणि उरलेलं कालवण यांच्या वासाने भटकी कुत्री दाराशी जमतात. कुत्री जमली की त्यांच्या मागावर बिबट्याही घराजवळ येऊ शकतो. म्हणून इथे न सांडणारं भांडं ही फक्त स्वच्छतेची गोष्ट राहत नाही.

कोणतं भांडं चांगलं?

*स्टील:* सर्वांत सोयीचं. गंजत नाही, चावून तुटत नाही, गरम पाण्याने धुता येतं. बूड रुंद आणि तोंड थोडं आत असेल तर लवंडत नाही. बुडाला रबराची कडी असल्यास कुत्रा ती कुरतडत नाही ना, हे बघत राहा.

*दगडी कुंडी किंवा जड मातीचं पसरट भांडं:* पाण्यासाठी उत्तम. जड असल्यामुळे साखळीच्या ओढीने उलटत नाही. मात्र तडा गेला की फटीत घाण साचते, तेव्हा ते बदलावं.

*प्लास्टिक:* स्वस्त, पण ओरखड्यांमध्ये जंतू साचतात. चावऱ्या कुत्र्याच्या पोटात तुकडे जाऊ शकतात.

*जर्मल आणि पितळ:* ताकासारखं आंबट अन्न जर्मलच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नये.

कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा डबा कापून भांडं करणं मात्र पूर्णपणे टाळा. कितीही धुतला तरी त्यात विषाचा अंश राहू शकतो.

तोंड रुंद का हवं?

अरुंद तोंडाच्या बरणीत किंवा हंड्यात कुत्र्याचं डोकं अडकतं. मार्च 2024 मध्ये धुळे जिल्ह्यात धातूच्या भांड्यात चक्क बिबट्याचंच डोकं अडकलं होतं. भांडं कापून त्याला सोडवावं लागलं.

या भागात बिबट्यापासून वाचवण्यासाठी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. भांडं खोल असेल तर खिळे काठाला लागतात आणि कुत्रा नीट खाऊ-पिऊ शकत नाही. त्यामुळे उथळ आणि रुंद भांडंच बरं.

पाणी किती, धुवायचं कधी?

कुत्र्याला दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटरहून थोडं जास्त, आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. अन्नाचं भांडं प्रत्येक जेवणानंतर धुवा. पाणी रोज बदला आणि भांडं घासूनच पुन्हा भरा. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, तो माणसालाही होतो.

रात्रीचं काय?

• जेवण दिवस मावळण्याआधी द्या. 15-20 मिनिटांत जेवढं संपेल तेवढंच वाढा.

• उरलेलं अन्न लगेच उचला, सांडलेली जागा धुवा. खरकटं उकिरड्यावर उघडं टाकू नका.

• अन्नाचं भांडं रात्री घरात घ्या. पाण्याचं भांडं कुत्रा जिथे झोपतो तिथे आत ठेवा.

• कुत्र्याला अंगणात साखळीने बांधून ठेवू नका. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. पडवीला जाळी-दरवाजा लावा किंवा बंद गोठ्यात जागा करा.

• दिवसासुद्धा भांडं उसाच्या कडेला नको. घराच्या भिंतीजवळ, मोकळ्या आणि नजरेत राहणाऱ्या जागी ठेवा.

घराजवळ बिबट्या दिसला तर त्याचा पाठलाग करू नका, व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.