‘मला विचारायचे होते’ : पोर्तुगीज व मराठीतील विनयदर्शक क्रियारूपे

हडपसर परिसरातील एका कार्यालयाच्या खिडकीपाशी काही वर्षांपूर्वी घडलेला एक साधा प्रसंग या लेखाच्या मुळाशी आहे. सोलापूर जिल्ह्यातून शिकण्यासाठी आलेला माझा एक विद्यार्थी दाखला मागत होता. ‘साहेब, दाखला द्या की,’ असे तो म्हणाला. खिडकीपलीकडून उत्तर आले, ‘द्या की काय? बोलायची रीत शिक आधी.’ मुलगा गोंधळला. त्याच्या गावच्या बोलीत ‘द्या की’, ‘बसा की’ यांतील ‘की’ हे आर्जवाचे चिन्ह आहे. पाहुण्याला आग्रह करतानाही तेच वापरतात. ऐकणाऱ्याला मात्र त्यात उर्मटपणा दिसला. ‘दाखला हवा होता’ असे तो म्हणाला असता तर काम निमूटपणे झाले असते. येथे एक प्रश्न उद्भवतो. दाखला त्याला त्या क्षणी हवा होता, मग भूतकाळ कशासाठी? आणि भूतकाळाने विनय साधतो, हे त्याला कोणत्या व्याकरणाने शिकवले होते?

या प्रश्नाचे उत्तर मराठीत राहून शोधता येतेच. परंतु आपल्याच भाषेतील सवयीच्या गोष्टी परक्या भाषेच्या शेजारी ठेवल्या की अधिक स्पष्ट दिसतात. त्यासाठी येथे पोर्तुगीज भाषेची निवड केली आहे. 1510 ते 1961 या काळात गोव्यात आणि 1739 पर्यंत वसईत ही राज्यकर्त्यांची भाषा होती. मराठ्यांच्या इतिहासाची साधनेही तिच्यात विपुल आहेत. पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठानेच 1967 साली प्रसिद्ध केला. पोर्तुगीज पत्रव्यवहार मराठीत आणू पाहणाऱ्या अभ्यासकाला विनयाच्या क्रियारूपांचा प्रश्न टाळता येत नाही. या दृष्टीनेही ही तुलना निरुपयोगी ठरू नये.

पोर्तुगीज भाषेत मागणी सौम्य करण्याचे तीन प्रमुख मार्ग क्रियापदाच्या रूपातून जातात. पहिला मार्ग अपूर्ण भूतकाळाचा. उपाहारगृहात गेलेला लिस्बनचा माणूस ‘केरु’ (मला हवे आहे) असे न म्हणता ‘केरिया’ (मला हवे होते) असे म्हणतो. यावर तिकडे एक जुना विनोद प्रचलित आहे. गिऱ्हाईक म्हणते, ‘मला कॉफी हवी होती,’ आणि वाढपी विचारतो, ‘होती? म्हणजे आता नको?’ हा विनोद मराठीत जसाच्या तसा उतरतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. दोन्ही भाषांतील भाषकांना रूप भूतकाळाचे आणि अर्थ वर्तमानाचा, ही विसंगती जाणवते. म्हणूनच विनोद संभवतो.

दुसरा मार्ग संकेतार्थाचा. ‘गोश्तारिया’ (मला आवडेल), ‘पोदेरिया’ (आपणांस करता येईल का) ही त्याची रूपे होत. पोर्तुगालमधील परंपरेत या रूपाला ‘संकेतार्थ’ म्हणतात, तर ब्राझीलमध्ये 1959 च्या अधिकृत परिभाषेनुसार ते ‘भूतकाळातील भविष्य’ ठरते. सेल्सो कुन्या आणि लिंडली सिंत्रा यांच्या 1984 च्या व्याकरणात वर्तमानकाळाऐवजी येणारे विनयाचे रूप म्हणून त्याची स्वतंत्र नोंद आहे. तिसरा मार्ग भविष्यकाळाचा. ‘किती वाजले?’ असे सरळ न विचारता ‘के ओरास सेरांव?’ म्हणजे ‘किती वाजले असतील?’ असे विचारता येते. येथे भविष्यकाळ पुढच्या काळाचा बोध करत नाही, तर अंदाजाचा करतो. अनोळखी माणसाला वेळ विचारताना आपणही ‘असतील’ हे भविष्यरूपच वापरतो. उत्तर देणाऱ्यावर अचूकतेचे ओझे पडत नाही, म्हणून प्रश्न हलका होतो.

आता ‘भूतकाळातील भविष्य’ या विचित्र वाटणाऱ्या नावाचा उलगडा करू. लॅटिनमधील साधा भविष्यकाळ लोकभाषेत मागे पडला आणि त्याच्या जागी एक जोडरचना रूढ झाली. धातूचे मूळ रूप आणि त्यापुढे ‘जवळ असणे’ या अर्थाचे साहाय्यक क्रियापद, अशी ती रचना होती. हे साहाय्यक वर्तमानकाळात आले की ‘गायचे आहे’ असा अर्थ होई. त्यापासून पोर्तुगीजचा ‘कांतारेइ’ (मी गाईन) हा भविष्यकाळ घडला. तेच साहाय्यक भूतकाळात आले की ‘गायचे होते’ असा अर्थ होई. त्यापासून ‘कांतारिया’ हा संकेतार्थ घडला. हा सांधा आजही पुरता बुजलेला नाही. औपचारिक लेखनातील ‘दार-ल्ये-इया’ (मी त्यांना देईन, देऊ इच्छितो) या रूपात ‘त्यांना’ हे सर्वनाम धातू आणि प्रत्यय यांच्या मधोमध बसते. एके काळी हे दोन स्वतंत्र शब्द होते, याचा हा जिवंत पुरावा होय.

येथे मराठी अभ्यासकाने थबकावे असे एक साम्य आढळते. सभेत शंका विचारण्यासाठी उभा राहिलेला श्रोता ‘मला एक विचारायचे होते’ असे म्हणतो. ‘-आयचे’ हे कृदन्त आणि त्यापुढे भूतकाळी साहाय्यक, ही मराठीतील आजची रचना. पोर्तुगीज संकेतार्थ ज्या घटकांपासून घडला तेच हे घटक आहेत. दोन्ही भाषांनी एकमेकींपासून ही रचना उचललेली नाही. पोर्तुगीजमध्ये घटक जुळून एक प्रत्यय झाला, तर मराठीत ते अजून सुटे आहेत. मात्र दोहोंत तीच युक्ती दिसते. आपली इच्छा वक्ता क्षणभर मागे नेऊन ठेवतो. ती जणू आधी केव्हातरी होती, आता तिचा तगादा नाही, असे तो सुचवतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला नकार देण्याची वाट मोकळी राहते. विनय म्हणजे गोड शब्द नव्हेत, तर समोरच्यासाठी नकाराची जागा राखणे होय. क्रियारूपे ही जागा काळाच्या अंतराने निर्माण करतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

परंतु साम्याच्या मोहात एक मोठा फरक नजरेआड होऊ नये. पोर्तुगीज संकेतार्थाचे भाषांतर मराठी संकेतार्थाने केल्यास घात होतो. ‘गोश्तारिया’ म्हणजे ‘मला आवडले असते’ असे कोणी लिहील, तर वाचकाला ती तक्रार वाटेल. ‘मला चहा आवडला असता’ याचा अर्थ चहा मिळाला नाही असा होतो. ‘आपण आला असता तर बरे झाले असते’ हे निमंत्रण नसून उपालंभ आहे. मराठीतील ‘असता, असते’ ही रूपे गोष्ट घडली नाही असे निश्चितपणे सांगतात. पोर्तुगीजचे एक रूप जे काम करते ते मराठीने चार रूपांत वाटून दिले आहे, असे म्हणता येईल.

त्यांतील पहिले रूप वर पाहिलेले ‘हवे होते’, ‘विचारायचे होते’ हे होय. दुसरे रूप प्रश्नार्थक भविष्यकाळाचे : ‘आपण पुस्तक द्याल का?’ येथे ‘द्याल’ आणि ‘देणार’ यांतील भेद ध्यानात घ्यावा. ‘देणार का?’ हा समोरच्याच्या इराद्याचा प्रश्न आहे. त्यात उत्तराची मागणी असते, प्रसंगी धमकीही असते. ‘द्याल का?’ ही विनंती आहे. ‘पुस्तक मिळेल का?’ हे त्याहून सौम्य, कारण देणारा माणूस वाक्यातून नाहीसाच होतो. अलीकडे रुळलेले ‘मदत करू शकाल का?’ हे इंग्रजी वळणाचे म्हणून काहींना खटकते. तथापि त्यात विनंती सामर्थ्याच्या प्रश्नाआड आणि भविष्यकाळाआड अशी दुहेरी झाकलेली आहे. पोर्तुगीज ‘पोदेरिया’तही सामर्थ्याचाच आडोसा घेतलेला असतो.

तिसरे रूप विध्यर्थाचे. ‘दाखला मिळावा ही विनंती’, ‘आपण अगत्य यावे’. ‘आपण पुस्तक द्यावे’ या वाक्यात क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालते, ‘आपण’प्रमाणे नाही. ‘द्या’ या आज्ञार्थात क्रियापदाचा रोख थेट ऐकणाऱ्यावर असतो; ‘द्यावे’मध्ये तो रोख वस्तूकडे वळतो. मराठी पत्रलेखनाची ‘कळावे’, ‘लोभ असावा’ ही सारी शिष्टाचाराची इमारत या एका व्याकरणिक वळणावर उभी आहे.

चौथे रूप अटीचे. ‘आपण जरा सरकलात तर बरे होईल’, ‘सवड झाल्यास यावे’. येथे अजून न घडलेली गोष्ट ‘सरकलात’, ‘झाल्यास’ अशा भूतकालवाचक रूपात येते. पोर्तुगीजमध्ये अशा अटीसाठी भविष्यकालीन संशयार्थ आहे. ‘से पुदेर’ म्हणजे ‘जमल्यास’, ‘से किझेर’ म्हणजे ‘मर्जी असल्यास’. हे रूपही धातूच्या पूर्ण भूतकाळाच्या अंगापासून सिद्ध होते. ‘फाझेर’ (करणे) या धातूचे संशयार्थी रूप ‘फिझेर’ होते, ते याचमुळे. अट पूर्ण झाली असे धरून मगच पुढचे मागायचे, ही रीत दोन्ही भाषांत आढळते.

अर्थात रूप म्हणजे विनयाची हमी नव्हे. ‘जरा शांत बसाल का?’ हे वर्गात कोणत्या स्वरात म्हटले जाते ते आपण सारे जाणतो. रूप अंतर निर्माण करते. ते अंतर आदराचे की दुराव्याचे, हे नाते आणि प्रसंग ठरवतात. उलटपक्षी ‘द्या की’ या आज्ञार्थात अंतर नाही, पण जवळीक आहे. जवळीक हाही सौजन्याचाच एक मार्ग आहे. खिडकीपाशी चुकले ते विद्यार्थ्याचे व्याकरण नव्हते. जवळिकीचे सौजन्य आणि अंतराचे सौजन्य या दोन रीतींची तेथे गाठ पडली, आणि त्यांतील एकीलाच ‘रीत’ मानले गेले.

आपल्या व्याकरणपरंपरेने याकडे किती लक्ष दिले? थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली रायतूर येथे छापले गेले. ते लॅटिन-पोर्तुगीज चौकटीत रचलेले होते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 चे, तर मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चे. या समृद्ध परंपरेतून आज आपल्या शालेय पुस्तकांत उतरलेला भाग मात्र तोकडा आहे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार अर्थ विद्यार्थी पाठ करतो. विनंती आज्ञार्थाच्या खात्यात मांडलेली असते. प्रत्यक्षात मराठी माणूस विनंती बहुधा आज्ञार्थाबाहेर जाऊन करतो. ‘हवे होते’ भूतकाळात आणि ‘द्याल का’ भविष्यकाळात नोंदले जाते, पण ती दोन्ही एकाच कामासाठी योजली जातात हे कोठेही सांगितले जात नाही.

ज्याच्या घरी ही रूपे कानावर पडतात त्याला ती न शिकवता येतात. ज्याच्या घरी सौजन्याची रूपे वेगळी आहेत, त्याच्या माथी असंस्कृतपणाचा शिक्का बसतो. म्हणून मी पदव्युत्तर वर्गात एक साधा पाठ घेतो. ‘दाखला द्या’, ‘दाखला द्या की’, ‘दाखला पाहिजे’, ‘दाखला हवा होता’, ‘दाखला मिळेल का’, ‘दाखला मिळाल्यास बरे होईल’, ‘दाखला मिळावा ही विनंती’ अशी वाक्ये फळ्यावर लिहून, कोणते कोणाला, कोठे म्हणाल, असे विचारतो. उत्तरे गावागणिक बदलतात आणि चर्चा रंगते. ज्याला आपली बोली कमी प्रतीची वाटत होती, तो तिचे नियम इतरांना समजावून सांगू लागतो. प्रमाण भाषेची रूपेही तो मग न्यूनगंडाविना आत्मसात करतो.

प्रस्तुत लेखातही ‘असे म्हणता येईल’ हे वाक्य येऊन गेले आहे. पोर्तुगीज विद्वान अशा जागी ‘दिर-से-इया’ लिहितो : तोच संकेतार्थ, मधोमध सर्वनाम. विधान करतानाही वाचकाच्या असहमतीला जागा ठेवण्याची ही रीत आपण शोधनिबंधात कटाक्षाने पाळतो. तीच जागा खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या बोलीलाही आपण द्यावी.