एका अमेरिकन शेतकऱ्याच्या घराण्याचा शोध

राजांच्या वंशावळी बखरकारांनीं लिहून ठेविल्या आणि सरदारांच्या घराण्यांचा इतिहास त्यांच्या सनदांनीं राखला. शेतकऱ्याच्या घराण्याला मात्र बखरकार नसतो. त्याचा इतिहास जमिनीच्या कागदांत, कर्जाच्या खतांत, जन्ममृत्यूच्या नोंदींत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं विखुरलेला असतो. व तो कोणी वेळींच गोळा केला नाहीं तर दोन पिढ्यांत नाहींसा होतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागांत, म्हणजे विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, कॅन्सस, डकोटा वगैरे संस्थानांत, आपल्या शेतकरी पूर्वजाचा माग काढण्याची आवड पुष्कळ कुटुंबांत आहे. हें काम कसें करितात, त्यांतून काय हातीं लागतें, आणि जें हातीं लागतें तें स्वीकारण्यास किती धैर्य लागतें, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें उदाहरण चार्ल्स फिलिप इंगल्स या शेतकऱ्याचें होय. तो पुढारी नव्हता कीं धनिक नव्हता. त्याची मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर हिनें वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, १९३२ सालीं, आपल्या बालपणावरील पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें व १९४३ पर्यंत ती माला पुरी केली. त्या पुस्तकांनीं हा बाप जगभर पोंचविला. पुढें अभ्यासकांनीं त्याच्या आयुष्याचे कागद एकेक करून शोधून काढले, आणि मुलीनें सांगितलेली गोष्ट व दप्तरांतील नोंद यांचा ताळा पाहण्याची सोय झाली. एका साध्या शेतकऱ्याच्या बाबतींत असा योग क्वचितच येतो.

घराण्याचें मूळ

एडमंड इंगल्स नांवाचा पूर्वज इंग्लंडांतून येऊन १६२९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील लिन या ठिकाणीं राहिला. तेव्हांपासून हें घराणें पिढीगणिक पश्चिमेकडे सरकत गेलें. चार्ल्सचा जन्म १० जानेवारी १८३६ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील क्यूबा या गांवीं झाला. त्याच्या बापाचें नांव लॅन्सफर्ड व आईचें लॉरा कोल्बी. १८४० नंतरच्या दशकांत बापानें बिऱ्हाड इलिनॉय संस्थानांत नेलें व तेथून पुढें विस्कॉन्सिनमध्यें. तेथें १ फेब्रुवारी १८६० रोजीं चार्ल्सचें लग्न कॅरोलाइन क्वाइनर हिच्याशीं झालें. या दोन घराण्यांत एकच नव्हे तर तीन सोयरिकी जुळल्या: चार्ल्सच्या भावानें कॅरोलाइनची बहीण केली, आणि त्याची बहीण कॅरोलाइनच्या भावास दिली. शेजारच्या शेतकऱ्यांमध्यें अशा सोयरिकी कां होतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. माग काढणाऱ्यास मात्र त्यांचा मोठा उपयोग होतो. एका घराचा धागा तुटला तर तो सोयऱ्यांच्या घरीं सांपडतो.

कागद कोठें सांपडतात

या शोधाची पहिली पायरी घरांतच असते. ख्रिस्ती कुटुंबांत बायबलच्या पोथींत जन्म, लग्न व मृत्यु नोंदण्यासाठीं पानें राखून ठेवण्याची चाल होती. इंगल्स कुटुंबाच्या बायबलांतील अशीं पानें आज फार मोलाचीं ठरलीं आहेत. दुसरी पायरी दफनभूमीची. दगडावरील तारीख बहुधा विश्वसनीय असते. तिसरी खानेसुमारीची. अमेरिकेंत दर दहा वर्षांनीं ती होते, व १८५० पासून तींत घरांतील प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचें नांव येतें. या नोंदी ७२ वर्षांनंतर सर्वांस पाहण्यास खुल्या होतात. १८५० ते १८८० पर्यंत शेतीचे निराळे तक्तेही भरीत. त्यांत लागवडीखालील एकर, घोडे, गाई, गहूं, लोणी असे आंकडे आहेत. त्यांवरून पणजोबाच्या गोठ्यांत किती जनावरें होतीं हेंही समजतें. मात्र १८९० च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद १९२१ सालीं वॉशिंग्टन येथें लागलेल्या आगीनें नष्ट झाले. म्हणून त्या काळासाठीं जमिनीच्या कागदांकडे वळावें लागतें.

शेतकऱ्याच्या बाबतींत हीच चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. २० मे १८६२ रोजीं मंजूर झालेल्या होमस्टेड कायद्यानें कुटुंबप्रमुखास १६० एकर सरकारी जमीन मिळूं लागली. अटी अशा कीं, जमिनीवर घर बांधून पांच वर्षें राहावें, ती लागवडीस आणावी, आणि शेवटीं दोन साक्षीदारांसह पुरावा द्यावा. या कायद्याखालीं सुमारें १६ लाख शेतकऱ्यांस मिळून २७ कोटी एकर जमीन मिळाली. पुराव्याच्या वेळीं जे प्रश्न विचारीत त्यांचीं उत्तरें कागदावर उतरविलेलीं आहेत: घर केवढें, विहीर आहे काय, किती एकर नांगरले, कोणतें पीक काढलें, कुटुंबांत माणसें किती, शेत सोडून किती दिवस बाहेर राहिलां. आपल्याकडील सातबाराच्या उताऱ्यावरून शेताचा कब्जा व पीक कळतें. होमस्टेडच्या कागदांवरून शेताबरोबर शेतकऱ्याचा संसारही दिसतो. जमिनीची मोजणीही चौकोनी असल्यामुळें जागा शोधणें सोपें जातें. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा टापूचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, व त्याचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर, अशी ती रचना आहे.

गोष्ट आणि नोंद

आतां चार्ल्सचे कागद पाहूं. १८६३ सालीं त्यानें मेहुण्याबरोबर विस्कॉन्सिनमधील पेपिन गांवाजवळ जमीन घेतली. लॉराचा जन्म तेथेंच ७ फेब्रुवारी १८६७ रोजीं झाला. पुढें ती जमीन विकून कुटुंब १८६९ सालीं कॅन्ससमध्यें गेलें, व १८७१ सालीं परत पेपिनला आलें. पुस्तकांत कॅन्ससचा प्रवास पेपिनच्या दिवसांनंतर येतो व मुलगी चांगली जाणती दिसते. नोंदींप्रमाणें कॅन्ससमध्यें ती दोन ते चार वर्षांची होती. तिच्या आठवणी तिच्या स्वतःच्या नसून आईबापांच्या तोंडून ऐकलेल्या होत्या, हें यावरून उघड होतें. पुस्तकांत तें घर इंडिपेन्डन्स शहरापासून ४० मैलांवर सांगितलें आहे. शोधाअंतीं ती जागा १३ मैलांच्या आसपास निघाली.

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. १८७० च्या खानेसुमारींत कॅन्ससच्या माँटगोमेरी जिल्ह्यांतील रटलंड टापूंत या कुटुंबाची नोंद सांपडली, पण जमिनीच्या किंमतीचा रकाना रिकामा होता. कारण ती जमीन ओसेज लोकांची होती. गोऱ्या वसाहतवाल्यांस तिजवर कांहीं हक्क नव्हता. १८७० च्या जुलै महिन्यांत कायदा होऊन ओसेज लोकांची ही भूमि एकरीं सव्वा डॉलर भावानें विकण्याचें ठरलें, आणि ते लोक दक्षिणेस, हल्लींच्या ओक्लाहोमा संस्थानाच्या हद्दींत, गेले. म्हणजे ज्या पूर्वजाच्या कष्टांचा अभिमान बाळगावयाचा तोच दुसऱ्याच्या जमिनीवर विनापरवाना बसला होता, असें एक रिकामा रकाना सांगतो. चार्ल्सनें ती जमीन कां सोडली यासंबंधीं पुस्तक सरकारी हुकुमाच्या भीतीकडे बोट दाखवितें. कागदांत दुसरेंही कारण आहे. पेपिनची जमीन ज्यास विकली होती त्याच्याकडून पैसे पुरे झाले नाहींत, व ती जमीन परत चार्ल्सच्या गळ्यांत आली.

१८७४ सालीं कुटुंब मिनेसोटांतील वॉलनट ग्रोव्ह येथें ओढ्याकांठीं १७२ एकर जमिनीवर उतरलें. तोंच टोळधाड आली. १८७३ पासून १८७७ पर्यंत त्या मुलखांत रॉकी पर्वतांतील टोळांनीं वर्षानुवर्षें पिकें खाल्लीं. १८७५ सालच्या एका झुंडीचा विस्तार १,९८,००० चौरस मैल असावा, असा अंदाज त्या वेळीं केला गेला. हा टोळ पुढें अजिबात नाहींसा झाला; १९०२ नंतर तो जिवंत आढळलेला नाहीं. पण त्यापूर्वीं त्यानें हजारों घरें बुडविलीं. १८७५ च्या नोव्हेंबरांत चार्ल्सनें अधिकाऱ्यांपुढें, आपणाजवळ कांहींएक साधन उरलें नाहीं अशा शपथपत्रावर सही केली, व सरकारी मदत म्हणून पिठाचीं दोन अर्धीं पिंपें घेतलीं. पुस्तकांतील बाप कोणापुढें हात पसरीत नाहीं. दप्तरांतील बापानें लेकरांसाठीं तो पसरला.

१८७६ सालीं जमीन विकून कुटुंब आयोवांतील बर ओक गांवीं खानावळींत कामास गेलें. वाटेंत, २७ ऑगस्ट रोजीं, नऊ महिन्यांचा एकुलता एक मुलगा वारला. या मुलाचें नांव मालेंतील पुस्तकांत कोठेंही नाहीं, आणि बर ओकचें तें वर्षही नाहीं. लॉराबाईंनीं १९३० च्या सुमारास लिहिलेल्या मूळ आठवणी २०१४ सालीं टीपांसह छापल्या गेल्या. त्यांत मुलाचा मृत्यु आहे. आणि घरमालक भाड्यासाठीं थांबेना म्हणून रात्रीं गुपचूप गांव सोडल्याचेंही वर्णन आहे. १८७९ सालीं थोरली मुलगी मेरी आंधळी झाली. पुस्तकांत त्याचें कारण लाल ताप सांगितलें आहे. २०१३ सालीं डॉक्टरांनीं जुने कागद तपासून मेंदूला व त्याच्या आवरणाला सूज आणणारा विषाणुजन्य आजार अधिक संभवनीय ठरविला. मेरीस पुढें आयोवांतील अंधशाळेंत शिकतां आलें तें डकोटा सरकारनें शुल्क भरल्यामुळें.

शेवटीं १९ फेब्रुवारी १८८० रोजीं चार्ल्सनें डकोटांतील डी स्मेट गांवाजवळच्या जमिनीवर होमस्टेडचा अर्ज केला. पुढचा हिंवाळा इतका भयंकर ठरला कीं, बर्फानें आगगाड्या महिनोन्महिने बंद पडल्या आणि गांवावर उपासमारीची पाळी आली. तरी त्यानें जमीन सोडली नाहीं, व १८८६ सालीं पुरावा देऊन ती आपल्या नांवें करून घेतली. बायको व चार मुली यांच्या नांवानें त्यानें लाविलेलीं कॉटनवुडचीं झाडें त्या शेतावर प्रवासी आजही पाहण्यास जातात. पण ज्या जमिनीसाठीं एवढें सोसलें तीही शेवटपर्यंत टिकली नाहीं. १८८७ सालीं त्यानें गांवांत घर बांधलें, पुढें शेत सोडलें, आणि ८ जून १९०२ रोजीं तो गांवांतच वारला.

पुढच्या पिढीचा बोध

चार्ल्सची मुलगी नवऱ्यासह १८९४ सालीं मिझूरींतील मॅन्सफील्ड येथें गेली. तेथें कोंबड्या पाळून व शेती करून तिनें १९११ पासून एका शेतकी पत्रांत वर्षानुवर्षें लेख लिहिले, आणि तेथील शेतकऱ्यांच्या कर्ज-संघाची चिटणीस व खजिनदार म्हणूनही काम पाहिलें. सरकारी पतीवर कमी व्याजाचें कर्ज शेजाऱ्यांस मिळवून देणें हें त्या संघाचें काम होतें. बापाचें अर्धें आयुष्य ज्या कर्जाच्या पायीं भटकण्यांत गेलें, त्याच कर्जाची रीतसर व्यवस्था मुलीनें केली, ही गोष्ट आम्हांस त्या सर्व पुस्तकांइतकीच महत्त्वाची वाटते.

कोणी म्हणतील कीं, मुलीनें पुस्तकांत जें झांकलें तें उकरून काढण्यांत काय पुरुषार्थ? आमचें म्हणणें असें कीं, झांकलेल्या इतिहासापासून शेतकऱ्याचें नुकसान होतें. पूर्वज केवळ मनगटाच्या जोरावर उभा राहिला असें नातवांस सांगितलें, तर दुष्काळांत अगर टोळधाडींत बुडालेल्या शेजाऱ्यास ते आळशी ठरवूं लागतात. नोंदी मात्र दाखवितात कीं, चार्ल्स आळशी नव्हता. तरी त्यास टोळांनीं, कर्जानें व हिंवाळ्यानें पुनःपुन्हां उठविलें. आणि दोन अर्ध्या पिंपांच्या पिठानें त्याचीं मुलें जगलीं. ओसेजांच्या जमिनीची नोंदही त्याच वहींत आहे. ती फाडून उरलेली वही खरी म्हणतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. चार्ल्सला एकच नात झाली. ती १९६८ सालीं वारली, आणि तिच्यामागें अपत्य राहिलें नाहीं. त्याचा वंश असा खुंटला. तरी त्याची माहिती आज जितकी पूर्ण आहे तितकी भरल्या गोकुळांतील कित्येक पूर्वजांची नसते. कारण बायकोनें बायबलांत तारखा राखल्या, मुलीनें आठवणी लिहिल्या, आणि दप्तरांनीं कागद जपले. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळचीं खतें, पावत्या व सोसायटीचीं पासबुकें पेटींत पडून असतील, त्यांनीं तीं यंदाच्या पावसाळ्यापूर्वीं ओलीपासून काढून कोरड्या जागीं ठेवावीं. व घरांतील वृद्धांकडून नांवें, गांवें व सालें विचारून एका वहींत उतरून घ्यावीं. जें अभिमानाचें असेल तें लिहावें, आणि जें सांगतांना जीभ अडखळते तेंही लिहावें.