गावच्या पाण्याचा ताळेबंद आणि धोरणाची आखणी

गावास नवीन विहिरी किती मंजूर कराव्यात, शेततळ्यांस कोठे साहाय्य द्यावे आणि रब्बीस कोणती पिके सुचवावीत, हे प्रश्न दरवर्षी उपस्थित होतात. पुष्कळदा त्यांचा निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी होतो. विहिरीचा विचार एका खात्यात, बंधाऱ्याचा दुसऱ्यात, तर पिकाचा तिसऱ्यात. पाणी मात्र एकच असते. ओढ्यात अडविलेले, जमिनीत मुरलेले आणि पिकाने उचललेले पाणी ही एकाच पावसाची निरनिराळी रूपे होत. एकात भर पडली की दुसऱ्यात तूट येते. जमीन, पाणी, पीक व हवामान यांचा असा परस्परसंबंध एकत्र मांडून, अमुक निर्णय घेतल्यास काय घडेल याचा अंदाज देणाऱ्या गणिती रचनेस एकात्मिक पर्यावरण मूल्यमापनाचे प्रतिमान म्हणतात.

या पद्धतीचे एक गाजलेले उदाहरण युरोपातील आहे. ऑस्ट्रियातील लाक्सेनबुर्ग येथील एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९८० नंतरच्या दशकात आम्लपर्जन्याचे प्रतिमान तयार केले. कोळसा एका देशात जळतो, त्याचा गंधकयुक्त धूर वाऱ्याबरोबर सीमा ओलांडतो आणि दुसऱ्याच देशातील वने व सरोवरे यांची हानी होते. हे सर्व दुवे त्यात जोडलेले होते. १९९४ साली ऑस्लो येथे झालेल्या करारात कोणत्या राष्ट्राने हा धूर किती कमी करावा, याच्या वाटाघाटींस त्या हिशेबाचा आधार मिळाला. पुढे आशियासाठीही तशीच रचना करण्यात आली. विकसनशील देशांत मात्र हे काम अधिक अवघड जाते. मोजमापे विरळ असतात, आणि अंदाज चुकला तर त्याची झळ एखाद्या दोन एकरवाल्या कुटुंबास लागते.

महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या विचाराचा गावपातळीवर उपयोग करण्यात आला. मराठवाडा, विदर्भ व जळगाव या भागांतील सुमारे पाच हजार गावांसाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पाण्याच्या ताळेबंदाचे प्रतिमान तयार केले. त्यात जमिनीचा पोत, खोली व उतार, तिच्यावरील पीक आणि पाऊस यांची माहिती घेतली जाते. मग पावसाळ्यातील प्रत्येक दिवसाचा हिशेब मांडला जातो. पडलेल्या पावसातून किती वाहून गेला, किती मातीत शिरला, पिकाने किती ओलावा घेतला आणि मुळांच्या खाली उतरून भूजलास किती मिळाला, हे त्यातून निघते.

हिशेबाचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर व पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर गावावर ६० लाख घनमीटर पाणी पडते. त्यातील ४०० मिलिमीटर खरिपाची पिके व गवत यांनी घेतले, ९० मिलिमीटर वाहून गेले, ५० मिलिमीटर मातीत ओल म्हणून राहिले आणि ६० मिलिमीटर भूजलास मिळाले असे समजू. म्हणजे विहिरींच्या वाट्यास ६ लाख घनमीटर आले. दीड हजार माणसांस माणशी रोज ५५ लिटर व पाचशे जनावरांस प्रत्येकी ७० लिटर धरले, तरी वर्षास ४३ हजार घनमीटर पुरतात. पिण्याच्या पाण्याची ही गरज एकूण भूजलाच्या तेराव्या-चौदाव्या हिश्श्याएवढीच आहे; तरीही उन्हाळ्यात टँकर येतो. याचे कारण उरलेल्या साडेपाच लाखांच्या वाटणीत शोधावे लागते.

हरभऱ्यास मातीतील ओल वजा जाता २०० मिलिमीटर पाणी द्यावे लागते असे धरल्यास तेवढ्या पाण्यावर सुमारे २७५ हेक्टर हरभरा निघतो. गव्हास ३५० मिलिमीटर धरल्यास सुमारे १५५ हेक्टर भिजतो. उसास पावसाव्यतिरिक्त १,६०० मिलिमीटर धरले, तर जेमतेम ३४ हेक्टरांत सारे पाणी संपते. पाटाने पाणी देताना होणारी नासाडी यात धरलेली नाही. म्हणजे पाणी असे वापरले तर दहा-पंधरा खातेदारांच्या उसात संपूर्ण गावाचे रब्बी पाणी जिरू शकते. गावातील चर्चेत ही गोष्ट कोणी उघडपणे बोलत नाही. कागदावर ती लपत नाही.

तथापि, गावाची सरासरी काढून थांबणे योग्य नव्हे. माथ्यावरील ३० सेंटिमीटर खोलीच्या मुरमाड जमिनीत पिकास उपयोगी पडेल असा ३५ ते ४० मिलिमीटर ओलावाच मावतो. पीक दिवसास ४ ते ५ मिलिमीटर पाणी उचलते. तेव्हा पावसाने ओढ दिली की आठ-नऊ दिवसांत ते कोमेजू लागते. ओढ्याकाठच्या मीटरभर खोल काळ्या जमिनीतील पीक तीन आठवड्यांची उघडीपही सोसते. संरक्षक पाण्याची निकड माथ्यावर असते आणि विहिरींस पाणी लागते ते काठावर. केवळ आलेल्या अर्जांवर विहिरी मंजूर झाल्यास साहाय्य काठावरच साचत जाते. गावाचे निरनिराळे पट्टे पाडून प्रत्येकाची तूट वेगळी दाखविणे, हा या प्रतिमानाचा सर्वांत मोलाचा गुण होय.

शेततळ्यांविषयीही ताळेबंद स्पष्ट बोलतो. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी राहते. वाहून जाणाऱ्या पाण्याने ते भरले तर पिकाच्या ऐन गरजेस उपयोगी पडते. पण प्लास्टिक अंथरलेले तळे विहिरीच्या पाण्याने भरले, तर गावाच्या हिशेबात एका थेंबाचीही भर पडत नाही. सर्वांच्या भूजलातील हिस्सा एकाच्या ताब्यात जातो आणि उघड्यावर त्याची वाफ होते. उन्हाळ्यात दिवसाकाठी ८ मिलिमीटर धरल्यास चार महिन्यांत जवळजवळ एक मीटर पाणी आकाशात जाते. अशा तळ्यास पैसा द्यावा की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. प्रतिमान केवळ त्याची किंमत सांगते.

वाहणारे सगळे पाणी अडविण्याचा आग्रहही सांभाळून धरावा लागतो. वरच्या गावचे वाहून गेलेले पाणी ही खालच्या गावची आवक असते. म्हणूनच ताळेबंद एका शिवारापुरता न मांडता संपूर्ण पाणलोटाचा मांडणे इष्ट ठरते.

प्रतिमानाचे आकडे अंदाजाचे असतात, हे मात्र विसरून चालणार नाही. वाहून जाणारे पाणी काढण्याची रूढ रीत अमेरिकेच्या मृद्‌संधारण खात्याने १९५० च्या दशकात तेथील जमिनींवरून बसविली. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिला पाऊस गिळून टाकतात, हे त्या रीतीत आपोआप येत नाही. राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे असली, तरी एका केंद्राखाली अनेक गावे येतात, आणि वळवाचा पाऊस तर शिवारही ओळखून पडतो. पीकपेऱ्याची नोंद व प्रत्यक्ष पेरा यांतही अंतर राहते.

त्यावर उपाय गावातच आहे. बेसॉल्ट खडकाच्या सच्छिद्र भागात घनमीटरमागे साधारण २ टक्केच पाणी हाती लागते. त्या हिशेबाने ६० मिलिमीटर पाणी मुरले असेल, तर विहिरींची पातळी सरासरीने ३ मीटर चढावयास हवी. मे अखेरीस व ऑक्टोबरमध्ये ठरावीक दहा-बारा विहिरींत दोरी सोडून पातळी मोजावी. चढ दोनच मीटर असेल आणि मधल्या काळात उपसा फार झाला नसेल, तर साडेपाच लाखांचा आकडा धरून पेरा ठरविणे धोक्याचे आहे. शिवाय मुरलेले सर्व पाणी राहते असेही नाही; त्यातील काही दिवाळीनंतर ओढ्यास पाझरून निघून जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची रीत आहे. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास तेथे गावानेच बंदी केली आणि उसासारखी अति पाणी पिणारी पिके टाळली. पाऊस कमी झालेल्या वर्षी रब्बीचे क्षेत्र आखडते घेतले जाते. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ यातही भूजलाच्या उपलब्धतेनुसार पीकयोजना करण्याची तरतूद आहे. ही योजना रब्बीच्या पेरणीपूर्वी ठरावी लागते. पेरा झाल्यावर काढलेला ताळेबंद कोणाच्याच कामी येत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत विहिरींची मापे पूर्ण करून पट्टेनिहाय आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.