पोवळ्यांचा बांध आणि तापणारा समुद्र

हरभऱ्याचे रोप उपटून पाहिले असता मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांतील जिवाणू हवेतील नत्र रोपास देतात व रोप त्यांना अन्न पुरविते, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. असाच सहवास उष्ण समुद्रातील पोवळ्याच्या ठायी आढळतो. पोवळे हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे; तो एक चिमुकला प्राणी होय. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते आणि सूर्यप्रकाशावर तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानास देते. त्या बळावर पोवळे चुन्याचे घर बांधते. अशा असंख्य घरांचे मिळून खडक होतात.

लक्षद्वीपची बेटे या खडकांवरच उभी आहेत. त्यांची एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, वस्तीची बेटे १०. तेथील नारळ पोवळ्यांच्या चुऱ्यातच वाढतो. विहिरीतील गोडे पाणी म्हणजे वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहिलेला पाऊस. भोवतालचा खडक लाटांचा जोर मोडतो, म्हणून ही जमीन टिकते. तो या शेताचा बांधच म्हणावयाचा. आतील संथ पाण्यात मिळणारे लहान मासे आमिषासाठी वापरून तेथील मच्छीमार गळाने कुपा धरतात.

कोळसा व खनिज तेल जाळल्याने वाढलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र शोषून घेतो. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तपमानापेक्षा पाणी एक अंश सेल्सिअसने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की शेवाळाचे कार्य बिघडते व पोवळे त्यास बाहेर टाकते. रंग गेल्याने ते पांढरे दिसते. पांढरे पडलेले पोवळे मेले असे पुष्कळजण समजतात; वस्तुतः ते उपाशी असते. पाणी वेळेवर निवल्यास शेवाळ परतते, न निवल्यास मात्र पोवळे मरते आणि खडक झिजू लागतो.

लक्षद्वीपात १९९८, २०१० व २०१६ साली असे घडले. २०२४ मध्ये पुन्हा पोवळी पांढरी पडली. एका दुष्काळातून बाग सावरते, पण लागोपाठच्या दुष्काळांत नवी रोपे धरण्यास अवसरच उरत नाही. पोवळ्यांचेही तसेच आहे. १९९८ ते २०२२ या काळात तेथील जिवंत पोवळ्यांचे आच्छादन सुमारे निम्मे झाले.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. शेतात नांगर जमीन भुसभुशीत करतो. होडीचा नांगर मात्र पोवळ्यांवर पडला तर अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडतो. किनाऱ्यावरील ग्रामसेवकांनी होडीवाल्यांस नांगर वाळूच्या तळावर टाकावयास सांगावे. खडकाळ पोवळे तोडणे वा बाळगणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेही त्याच वेळी त्यांच्या कानावर घालावे.