वचन, करार आणि पिढ्या : हिब्रू धर्मग्रंथांतील ईश्वराचा शब्द



यवतमाळ जिल्ह्यातील कळंबच्या चिंतामणीची कथा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने येथे गणेशाची आराधना केली आणि मंदिरातील कुंडाचे पाणी दर बारा वर्षांनी वाढून मूर्तीच्या चरणांना स्पर्श करते, अशी लोकश्रद्धा आहे. आपल्या पुराणकथांत आराधना किंवा तप आधी घडते आणि वर नंतर मिळतो. भगीरथाच्या कथेत तर अंशुमान, दिलीप आणि भगीरथ अशा तीन पिढ्यांचे तप खर्ची पडते. तेथे चिकाटी माणसांची आहे. हिब्रू धर्मग्रंथांत हा क्रम उलटा आहे. अब्राहामाने तप केलेले नाही, वर मागितलेला नाही. तरी त्याला देश आणि संतती यांचे वचन मिळते, आणि ते पिढ्यानपिढ्या निभावण्याची जबाबदारी वचन देणाऱ्यावर येते.

या नात्यासाठी मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’ असा आहे. मराठी बायबलने त्यासाठी ‘करार’ हा शब्द निवडला. ‘जुना करार’ हे नावही त्यावरूनच आले. खरेदीखताच्या व्यवहारात रुळलेला हा अरबी मुळाचा शब्द प्रथमदर्शनी रुक्ष वाटतो. माझ्या मते तो अगदी योग्य आहे. उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात जनावरे दुभागून त्यांचे भाग समोरासमोर मांडले जातात. करार करणाऱ्यांनी त्या दोन रांगांमधून जावयाचे, अशी प्राचीन रीत होती. परंतु येथे अब्राहामाला गाढ झोप लागते आणि धुमसती भट्टी व पेटती मशाल एवढीच त्यांमधून जातात. दोन पक्षांपैकी एकानेच स्वतःला बांधून घेतले, असा याचा अर्थ लावला जातो.

आता 23 वा अध्याय पाहा. सारा मरण पावते. ज्या देशाचे वचन मिळाले, त्याच देशात अब्राहामापाशी पत्नीला पुरण्यापुरतीही जागा नाही. एफ्रोन हित्ती याच्याकडून तो मक्पेला येथील गुहा व शेत 400 शेकेल रुपे तोलून देऊन, साक्षीदारांदेखत विकत घेतो. वचनाच्या भूमीतील त्याची पहिली मालकीची जमीन दफनासाठी घेतलेली आहे! पुढे योसेफ मिसर देशात मरताना आपल्या अस्थी परत नेण्याची शपथ घालतो. त्या अस्थी मोशे बरोबर घेतो. पण मोशे स्वतः तो देश डोंगरावरून केवळ पाहतो आणि मरतो. योसेफाच्या अस्थी शखेमात पुरल्याची नोंद यहोशवाच्या पुस्तकाच्या अखेरीस सापडते.

हे सर्व भाबड्या समाधानाने सांगितले आहे, असे मात्र समजू नका. दावीदाच्या वंशाला राज्याचे वचन होते. स्तोत्रसंहितेतील 89 वे स्तोत्र आधी त्या वचनाची स्तुती करते आणि नंतर, तो करार मोडलास, असा आरोप थेट ईश्वरावरच ठेवते. ग्रंथाने ही तक्रार गाळलेली नाही. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. त्याआधी, वेढा चालू असतानाच, कैदेतील यिर्मया संदेष्टा चुलतभावाकडून अनाथोथ येथील शेत 17 शेकेलांना विकत घेतो आणि त्याचे खत मातीच्या मडक्यात जपून ठेववतो. शत्रूच्या हाती जाणाऱ्या जमिनीचे खरेदीखत! या देशात शेतांची खरेदी पुन्हा होईल, हे वचन त्याने अशा व्यवहाराने नोंदवले.

या वारशाशी मराठीचा जिवंत संबंध कोकणातील बेने इस्राएल समाजामुळे आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शब्बाथ पाळणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. नवस फेडताना किंवा लग्नाच्या निमित्ताने ते मलिदा करतात. पोहे, खोबरे, गोड आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबीचे स्मरण होते, आणि इसहाकाने याकोबाला दिलेला आशीर्वाद म्हटला जातो. पित्याने पुत्राला दिलेले ते शब्द अलिबागच्या परिसरातील घराघरांत पोह्यांच्या ताटासमोर उच्चारले गेले. 1948 नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलमध्ये गेली. तेथे विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या वंशाची छाननी सुरू झाली, तेव्हा त्यांनी आंदोलन केले. अखेर 1964 मध्ये ते पूर्णतः यहुदी असल्याचे मान्य झाले. ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलाची, अर्थात याकोबाची, मुले. वचन ज्यांच्या नावे होते, त्यांनाच आपले नाव सिद्ध करावे लागले.

स्वाध्याय : उत्पत्ती 23 आणि यिर्मया 32 हे अध्याय शेजारी ठेवून वाचा. दोन्ही व्यवहारांत साक्षीदार, मोजून दिलेले रुपे आणि जमीन यांचे तपशील इतके काटेकोरपणे का नोंदवले असावेत? ‘वचन’, ‘वर’ आणि ‘करार’ या शब्दांच्या अर्थच्छटा लक्षात घेऊन दीड पानात लिहा.