दुकान भावांचे, कर्ज कोणाचे?

जनाज्याची नमाज उभी राहण्यापूर्वी घरातला कोणीतरी पुढे येतो आणि सफांकडे तोंड करून सांगतो, ‘मरहूमांकडे कोणाचे काही देणे राहिले असेल तर आमच्याशी बोला, आम्ही ते फेडू.’ हे शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत, अनेकांनी उच्चारलेही आहेत. पण ते उच्चारताना नेमके किती देणे आपल्याला माहीत असते? दोन-चार हातउसने, दूधवाला, औषधाच्या दुकानाची उधारी. मरहूम भावांबरोबर दुकान चालवत असतील तर मोठे देणे दुकानाच्या वहीत, बँकेच्या फायलीत आणि कुठल्याशा छापील फॉर्मवरच्या सहीत असते. ती सही कशासाठी केली होती, हे घरात बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एक जनाजा आणला गेला तेव्हा आपण (स.) विचारले, याच्यावर कर्ज आहे का? ‘आहे’ असे उत्तर आले आणि फेडण्यासाठी त्याने मागे काही ठेवले नव्हते. तेव्हा आपण (स.) सोबत्यांना नमाज पढायला सांगितले, स्वतः पुढे झाले नाहीत. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, मगच आपण (स.) नमाज पढवली. ही हदीस आपण कर्जाची भीती सांगण्यासाठी सांगतो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. कर्ज कोणाचे आणि आता ते कोणाच्या अंगावर, हे सर्वांदेखत स्पष्ट झाले. आपल्या भागीदारीच्या दुकानांत नेमके हेच स्पष्ट नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, तीन भाऊ वडिलांनंतर हार्डवेअरचे दुकान चालवतात. थोरला गल्ल्यावर, मधला खरेदीला, धाकटा वसुलीला. बँकेत खाते उघडायला कागद लागतो म्हणून त्यांनी भागीदारीचा करारनामा करून घेतला. त्यात नफा-तोटा तिघांत सारखा, एवढे लिहिले. कर्ज कोणी, किती काढायचे याबद्दल एक ओळ नाही. ‘भावाभावांत कसली अट?’ असे सगळेच म्हणाले. एका हंगामात मधल्याने फर्मच्या नावाने आठ लाखांचा माल उधारीवर उचलला आणि एका व्यापाऱ्याकडून चार लाख रुपये घेतले. त्याची नियत वाईट नव्हती. भाव वाढेल असा त्याचा अंदाज होता. तो चुकला आणि माल गोदामात पडून राहिला. मुदत संपल्यावर व्यापारी धाकट्याच्या दारात आला. धाकटा म्हणाला, ‘मी तर कुठेच सही केलेली नाही.’

कायदा त्याचे हे उत्तर मान्य करत नाही. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १८ प्रमाणे प्रत्येक भागीदार फर्मचा प्रतिनिधी असतो. कलम २५ प्रमाणे फर्मच्या प्रत्येक देण्याला सर्व भागीदार एकत्रितपणे आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. म्हणजे धनको पूर्ण बारा लाख एकट्या धाकट्याकडेही मागू शकतो. ‘माझा हिस्सा तिसरा, मी चारच लाख देईन’ हा हिशोब भावांनी आपसात करायचा; धनकोवर तो बंधनकारक नाही. आणि फर्मची मालमत्ता पुरली नाही तर धाकट्याचे घर, त्याची बचतही सुटत नाही.

हे समजायला आपल्या फिकहमधील शब्द फार उपयोगी पडतात. हनफी फुकहांनी भागीदारीचे प्रकार सांगताना दोन वेगळे केले. शिर्कत-ए-इनानमध्ये भागीदार एकमेकांचे वकील, म्हणजे प्रतिनिधी असतात, पण जामीन नसतात. ज्याने व्यवहार केला त्याच्याकडेच धनको मागणी करतो आणि तो मग भागीदाराकडून त्याचा वाटा घेतो. शिर्कत-ए-मुफावजामध्ये भागीदार एकमेकांचे वकीलही असतात आणि कफील म्हणजे जामीनही. तेथे एकाचे व्यापारी देणे दुसऱ्याकडेही मागता येते. त्यासाठी भांडवल आणि अधिकार यांत पूर्ण बरोबरी असण्याची कडक अट आहे. इमाम शाफई (रह.) यांनी तर मुफावजा मान्यच केली नाही, आणि कोकणातील आपले बहुसंख्य बांधव त्यांच्याच मसलकचे आहेत. आपण मनात इनान धरून दुकान उघडतो, पण बाहेरच्या धनकोपुढे कायदा आपल्याला मुफावजासारखे उभे करतो. भावाभावांतील कितीतरी भांडणांचे मूळ या फरकात असते.

मग मर्यादा घालता येते का? येते. मुजारबतमध्ये, जिथे एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते, हनफी फुकहांचा नियम असा की मेहनत करणाऱ्याने भांडवलापलीकडे धंद्याच्या नावावर कर्ज काढायचे तर भांडवलदाराची स्पष्ट परवानगी हवी. ‘तुला योग्य वाटेल तसे कर’ एवढी मोघम मुभा पुरत नाही. परवानगीशिवाय काढलेले कर्ज त्याचे स्वतःचे. सार्वजनिक कंपन्यांबाबत आजचा कायदाही याच दिशेने जातो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८० प्रमाणे भरणा झालेले भांडवल, मुक्त राखीव निधी आणि भागांवरील अधिमूल्य यांच्या बेरजेपलीकडे कर्ज काढायचे असेल तर संचालकांना भागधारकांचा विशेष ठराव घ्यावा लागतो. तीन भावांच्या दुकानाला मात्र अशी तयार मर्यादा नाही. ती त्यांनीच लिहायची.

काय लिहावे? पहिली गोष्ट म्हणजे ‘कर्ज’ या शब्दाचा अर्थ. बँकेचे कर्ज आणि कॅश क्रेडिट तर आलेच. त्याशिवाय खाजगी उचल, हातउसने, भिशीतून दुकानासाठी उचललेली रक्कम, घरातल्या बायकांचे दागिने ठेवून आणलेला पैसा, हप्त्यावर घेतलेली गाडी किंवा यंत्र, पुढील तारखेचे चेक, ठराविक दिवसांपेक्षा जास्त मुदतीची उधारी आणि फर्मच्या वतीने दुसऱ्यासाठी दिलेली जामीनकी. व्याख्येतून जे सुटते, वाद त्यावरूनच होतो. व्याजापासून दूर राहणाऱ्या दुकानदाराने हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. बिनव्याजी उधारी हेही कर्जच आहे आणि तेही मानेवरच असते.

दुसरी गोष्ट मर्यादा. उदाहरणार्थ, पन्नास हजारांपर्यंत एकाची सही, दोन लाखांपर्यंत दोघांची, त्यावर तिघांची. आणि सर्व देणी मिळून भांडवलाच्या अमुक भागापेक्षा जास्त नसावीत. आकडे प्रत्येकाने आपल्या धंद्याप्रमाणे ठरवावेत. तिसरी, मर्यादा ओलांडली तर काय. भागीदारांपुरते ते देणे ज्याने काढले त्याचे, आणि इतरांना भरावे लागले तर त्याने त्यांना भरून द्यायचे, असे लिहून ठेवावे. चौथी, एक कर्जवही: कोणाकडून, किती, कधीपर्यंत, कोणाच्या सहीने. ती दर महिन्याला तिघांनी पाहावी.

पण करारनामा कपाटात ठेवून भागत नाही. कलम २० सांगते की भागीदार आपसात एकमेकांच्या अधिकारावर मर्यादा घालू शकतात, तरीही एखाद्याने धंद्याच्या नेहमीच्या अधिकारातले काम केले तर समोरच्याला ती मर्यादा माहीत नसल्यास फर्म बांधली जाते. खरेदी-विक्रीच्या धंद्यात उधारीवर माल घेणे आणि धंद्यासाठी पैसे उचलणे हे सहसा असे नेहमीचे काम धरले जाते. म्हणून मर्यादा ठरली की बँकेला आणि नेहमीच्या घाऊक व्यापाऱ्यांना लेखी कळवावे व पोच घ्यावी. बँकेत खाते संयुक्त सहीने चालवावे. तसेच भागीदारीतून बाहेर पडणाऱ्याने ‘मी तर केव्हाच वेगळा झालो’ यावर विसंबू नये. जाहीर सूचना दिली जाईपर्यंत, त्याला अजून भागीदार समजणाऱ्या धनकोपुढे त्याची जबाबदारी राहू शकते. फर्म नोंदणीकृत असेल तर ही सूचना फर्मच्या निबंधकाला द्यावी लागते आणि राजपत्रात व स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात छापावी लागते.

आता त्या छापील फॉर्मकडे वळू. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळे काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही दे, बाकी मी बघतो’ यात ‘नुसती’ असे काही नसते. पण ‘वेगळे काही नसेल तर’ हे शब्द आपल्या फायद्याचे आहेत. जामीनकी एका रकमेपुरती, एका कर्जापुरती, एका तारखेपर्यंतच, असे लिहून घेता येते. जामीनकी चालू स्वरूपाची असेल तर कलम १३० प्रमाणे धनकोला नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती ती मागे घेता येते. मात्र छापील फॉर्ममध्ये असे हक्क सोडून दिल्याची कलमे बारीक अक्षरांत असतात. ‘या खात्यातील तसेच इतर कोणत्याही खात्यातील सर्व देणी’ असा शब्दप्रयोग दिसला तर तिथे पेन थांबवावे. एका कर्जासाठी दिलेले तारण दुसऱ्यासाठीही अडकू शकते. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्जे आणि लहान-मध्यम उद्योगांची मुदत कर्जे देताना मुख्य अटी व एकूण खर्च दाखवणारे तथ्यपत्रक द्यावे लागते. ते मागून घ्यावे, घरी आणावे, वाचावे.

आणि कोणी अल्लाहला प्यारा झाला तर? करारात वेगळे नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म संपते आणि मृत्यूनंतर फर्मने काढलेल्या देण्याला त्याची इस्टेट जबाबदार राहत नाही. आधीची देणी मात्र त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून जातात. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से वसीयत आणि कर्ज यांच्यानंतरच ठेवले आहेत. मुस्लिम कायद्यात वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या हिश्श्यापुरती असते. म्हणजे विधवेला धनकोने तिच्या मेहरसाठी किंवा तिच्या स्वतःच्या दागिन्यांसाठी धमकावू नये. तिने स्वतः जामीनदार म्हणून सही केलेली नसेल तर. म्हणून घरातल्या बाईपुढे कागद ठेवून ‘इथे सही कर’ म्हणणाऱ्याने आधी तो तिला वाचून दाखवावा, आणि तिनेही विचारण्यात संकोच करू नये.

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत नमाजीची किंवा रोजाची नाही, ती कर्जाच्या लेखाची आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदत ठरवून केलेला व्यवहार लिहून ठेवण्यास, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगण्यास, साक्षीदार ठेवण्यास आणि व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा न करण्यास सांगितले आहे. लिहून ठेवल्याने शंका राहत नाही, हे कारणही तिथेच आहे. लिहिणे म्हणजे भावावर अविश्वास, हा समज आपण कुठून घेतला, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

आमच्या मते येत्या जुम्याच्या नमाजीनंतर, दुकान बंद असतानाच, भावांनी करारनामा कपाटातून बाहेर काढावा. कर्जाची ओळ त्यात नसेल तर वकिलाकडून ती घालून घ्यावी आणि कर्जवहीचे पहिले पान त्याच दिवशी भरावे. मग उद्या कोणाला सफांसमोर उभे राहून ‘आम्ही ते फेडू’ म्हणावे लागले, तर आपण काय कबूल करतो आहोत हे त्याला ठाऊक असेल.