बारावीत विषय राहिला, मग फार्मसीचं काय?

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे 'म्हणजे', 'अं' झालं ते काढलंय, बाकी तसंच आहे.

बाळकुममधून एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवला होता. बारावी सायन्स, फिजिक्समध्ये २८. पुरवणीला बसणार आहे. घरचे म्हणतायत आता फार्मसी विसर, बी.ए.ला टाक नाव. प्रश्न सरळ होता: "दादा, एकदा नापास झालेल्याला बी. फार्म देतात का?"

देतात. पण नुसतं 'देतात' म्हणून सोडून दिलं तर तुमचं नुकसान होईल, कारण अडचण नापास होण्यात नाही, दुसरीकडेच आहे. मी फार्मसीवाला नाही, कोड लिहितो. त्यामुळे माहितीपुस्तिका वाचताना मला फक्त इफ आणि एल्स दिसतात. तशीच सांगतो.

महाराष्ट्रात बी. फार्मचा प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून होतो आणि राज्याच्या जागांची मेरिट लिस्ट मुख्यतः एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण तिथे दारावरच्या वॉचमनसारखे आहेत: आत सोडायचं की नाही एवढंच बघतात. फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स किंवा बायोलॉजी या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांना ४० टक्के.

आता गणित करा. तीन विषय म्हणजे ३००. ४५ टक्के म्हणजे १३५, ४० टक्के म्हणजे १२०. बोर्डात पास व्हायला विषयाला ३५ पुरतात, म्हणजे तिन्हीत काठावर पास झालेल्याचे होतात १०५. तो पास आहे, पेढे वाटून झालेत, आणि बी. फार्मला मात्र पात्र नाही, ना ओपनमधून ना राखीवमधून. पास आणि पात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. घोळ होतो तो इथे.

मग पुन्हा दिलेल्या परीक्षेचं काय? प्रवेशाच्या नियमांचा सूर असा आहे: सगळे विषय घेऊन पुन्हा बसलात तर शेवटच्या परीक्षेचे गुण धरतात. काही विषयच पुन्हा दिलेत तर बोर्डाची टक्केवारी काढायची जी पद्धत असेल ती लागू होते. अशी पद्धत ठरलेली नसेल तर त्या विषयांचे नवे गुण आणि बाकीच्यांचे जुने. आधीचा २८ कुठेही वजा होत नाही, सरासरीतही येत नाही.

आपल्या श्रोत्याचं उदाहरण घेऊ. समजा केमिस्ट्रीत ४८ आणि बायोलॉजीत ५५ आहेत. पुरवणीत फिजिक्सला ४० पडले तर बेरीज १४३, म्हणजे ४७.६७ टक्के. वॉचमन सलाम ठोकून आत सोडेल.

दुसरा मुलगा बघा. फिजिक्स ३५, केमिस्ट्री ३८, बायोलॉजी ६०. सगळ्यात पास. बेरीज १३३, टक्के ४४.३३. ओपनमध्ये असेल तर दोन गुणांनी बाहेर. आणि त्याला फक्त फिजिक्स पुन्हा देऊन चालत नाही. पास झालेल्याला बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून बसावं लागतं, आणि तिथे सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात. वर नियम शेवटच्या परीक्षेचा, सर्वांत चांगल्या परीक्षेचा नाही. म्हणजे नापास झालेला मुलगा एका पेपरवर सुटतो आणि पास झालेला सगळ्या पेपरांत अडकतो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण अर्ज भरताना माझ्या मताला किंमत नाही.

त्यामुळे श्रेणीसुधारला बसण्याआधी स्वतःला विचारा की खरंच सगळे विषय तयार आहेत का. 'बघू, वाढले तर वाढले' या हिशोबाने बसू नका. आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या वेबसाइटवरून स्वतः डाउनलोड करून पात्रतेचं पान वाचा. क्लासवाल्या सरांच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

वेळेचा प्रश्न उरतो. पुरवणीचा निकाल मुख्य निकालानंतर काही आठवड्यांनी येतो. गेल्या काही वर्षांत फार्मसीचे राउंड इंजिनीअरिंगपेक्षा बरेच उशिरा चालले, कारण कॉलेजांच्या मान्यता फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाकडून, म्हणजे पीसीआयकडून, यायला उशीर होतो. त्या उशिरावर सगळे वैतागतात, पण पुरवणीवाल्यांना तो फायद्याचा पडू शकतो. मात्र सीईटी त्याच वर्षीची लागते, जुना स्कोअर पुढच्या वर्षी चालत नाही. सीईटी दिलीच नसेल तर पुरवणीत ९० पडूनही हातात वर्ष रिकामं.

सीईटीबद्दल एक चांगली गोष्ट: तिला तुमची बारावी माहीत नसते. निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि ज्याला बारावीत फिजिक्स गेलं तोही ९० पर्सेंटाइल काढू शकतो. कालिनाचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी असो, चेंबूरचं विवेकानंद असो की कर्जतचं राहुल धारकर, कॅपमधून जागा मिळण्याचा मुख्य आधार हाच आकडा.

डी. फार्मचं उलटं आहे. तिथे सीईटी नाही, मेरिट बारावीच्या गुणांवरच लागते. त्यामुळे पुरवणीत ४० पडले की ६० हा फरक तिथे थेट यादीत दिसतो. पण ४४.३३ वाल्या दोस्तासाठी हाच रस्ता उघडा आहे: दोन वर्षांचं डी. फार्म, ५०० तासांचं प्रशिक्षण, आणि मग त्या गुणांवर बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला. चारऐवजी पाच वर्षं लागतात. एक वर्ष जास्त, पण मधेच हातात एक स्वतंत्र पदविकाही येते.

इंटरनेटवर शोधलंत तर वेगळंच वाचायला मिळेल, की रिपीट केलेला विषय दोनदा मोजतात. ते खरं आहे, पण अमेरिकेत. तिथल्या फार्म-डी कॉलेजांचे अर्ज फार्मकॅस नावाच्या व्यवस्थेतून जातात आणि ती सगळे प्रयत्न धरते. न्यू जर्सीत वाढलेल्या तुमच्या चुलतभावाला केमिस्ट्रीत आधी एफ आणि मग ए मिळाला, तर शून्य आणि चार मिळून सरासरी दोन. तो नियम वाचून ठाण्यातल्या मुलाने घाबरायचं कारण नाही.

आत गेल्यावर काय, हेही ऐका. बी. फार्ममध्ये पास व्हायला ५० टक्के लागतात, ३५ नाही. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमीत एफ आला की त्या विषयाचे ग्रेड पॉइंट शून्य. समजा सारख्या क्रेडिटचे चार विषय आहेत, तिघांत ७ आणि एकात ०, तर सरासरी ५.२५. पुढे तो विषय ५२ गुणांनी सुटला की शून्याच्या जागी ६ येतात आणि सरासरी होते ६.७५. पीसीआयच्या २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की विषय सुटल्यावर सीजीपीएमध्ये नवी ग्रेड दिसते, जुनी नापासाची नाही.

पण केटी फुकट नसते. पहिल्या दोन सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला बसता येत नाही, आणि पहिल्या चारचे सुटल्याशिवाय सातव्याला. म्हणजे पहिल्या वर्षीचा एक विषय लोंबकळत राहिला तर तिसरं वर्ष बंद. एकदाही नापास झालेल्याला विद्यापीठाची रँक मिळत नाही, मग सीजीपीए कितीही असो. आणि पुढे एम. फार्म करायचं असेल तर चार वर्षांत मिळून किमान ५५ टक्के लागतात. पन्नाशीवर रेटत आलेल्याला परत तोच वॉचमन भेटतो.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात केट्या पडल्यात आणि फार्मसीला यायचंय, असेही मेसेज बरेच आले. तुमच्या त्या केट्या पात्रतेत मोजत नाहीत, पात्रता बारावीची. सीईटी मात्र नव्याने द्यावी लागेल. गणितवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडिअल बायोलॉजी असतं, त्यामुळे बायोलॉजी नव्हतं म्हणून घाबरू नका. जुन्या कॉलेजातून एलसी आणि मूळ गुणपत्रिका वेळेत सोडवून घ्या, आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र कॉलेज मागू शकतं, ते तयार ठेवा. बारावीच्या दोन्ही गुणपत्रिका, मूळची आणि पुरवणीची, एकाच फाइलमध्ये लावा. पडताळणीच्या दिवशी दोन्ही विचारल्या जाऊ शकतात.